अर्थ सुटलाय

सकाळी सव्वासहाला चावी फिरवली की
एकच आवाज. टक्.
पुन्हा फिरवली, पुन्हा टक्.
तिसऱ्यांदा डॅशबोर्डवरचे दिवेही मान टाकतात.
दुपारी मात्र, ऊन तापल्यावर,
कधीकधी पहिल्याच फटक्यात सुरू होते
आणि चारचौघांत मला खोटं पाडते.

महिना झाला हेच.
शेजारचे पाटोळे म्हणाले, पेट्रोलमध्ये पाणी.
दीर म्हणाले, विकून टाका वहिनी, किती दिवस सांभाळणार.
बॅटरीवाल्यानं नवी बॅटरी दिली, चार हजार आठशे.
आठ दिवस गाडी शहाण्यासारखी वागली.
मग स्टार्टर सांगलीला जाऊन, वाइंडिंग होऊन,
गुळाच्या ढेपेसारखा कागदात गुंडाळून परत आला.
टक्.

शेवटी दस्तगीर मुलाणी.
मणेराजुरीच्या रस्त्याला, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला
पाठ लावून त्याचं पत्र्याचं गॅरेज.
गाडी येईना, म्हणून तोच स्कूटरवरून आला.
बॉनेटला हात लावला नाही. आधी विचारलं,
"कवापास्नं?"
दिवाळीनंतर.
"त्याच्या आधी काय केलतासा गाडीला?"
काही नाही.
"काय न्हाई म्हंजे? आठवा की."

वर्गात मी अशीच थांबायचे,
उत्तर येईपर्यंत हातातला खडू फिरवत.

रंग दिला होता.
कवठे एकंदच्या वळणावर ट्रॉलीनं उजवी बाजू घासली,
तेव्हा पत्रा ठोकून घेतला, आतून बाहेरून पांढरा रंग.
यावर तो काहीच बोलला नाही.
"लाइट लावा. आता मारा स्टार्टर."
समोरच्या भिंतीवरचा उजेड पिवळा झाला, मग तांबूस,
मग राखेत राहिलेल्या निखाऱ्याएवढा.
त्यानं मीटर बॅटरीवर धरला होता. काटा जागचा हलला नाही.
"बॅटरी भरल्याय. करंटाला माघारी यायला वाट न्हाई."

जाड काळ्या वायरचं एक टोक बॅटरीला लावलं,
दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर दाबून धरलं.
"मारा."
गाडी अशी सुरू झाली, जशी कधी अडलीच नव्हती.

"म्याडम, अर्थ सुटलाय."

एकतीस वर्षं मराठी शिकवलं.
तासगावच्या पोरींना विचारत आले,
पुढील ओळींचा अर्थ लिहा, गुण चार.
फळ्यावर मी दिलेलाच अर्थ त्या लिहायच्या,
वळणदार अक्षरात, समास सोडून,
आणि मी चारपैकी चार देत गेले.

त्यानं बोल्ट काढला.
बोल्टाखाली पांढरा रंग, गुळगुळीत,
दुधावरच्या सायीसारखा.
"रंगवाल्यानं हितं बी हात मारलाय.
दिसाय ब्येस. पर रंगातनं अर्थ जात न्हाई.
मग बॅटरी बदला न्हाईतर स्टार्टर."

घासत राहिला पॉलिश पेपरनं.
पांढऱ्याखालून निळा आला.
ही गाडी कधी निळी होती, मला माहीत नव्हतं.
निळ्याखालून तांबडा प्रायमर,
मग रुपयाएवढं लखलखीत लोखंड.
"एवढंच उघडं पायजे. बाकीचं ऱ्हाऊ दे रंगीत."

बोल्ट आवळला, वरून बोटभर ग्रीस.
"आता बंद करा, आन परत लावा."
बंद करायचं धाडस होईना.
तो स्कूटरला टेकून उभा. घाई नव्हती त्याला.
केली बंद.
कुठंतरी लांब पाण्याचा टँकर रिव्हर्स घेत होता.
चावी फिरवली.

डायरीचं पान फाडून त्यानं बिल लिहिलं:
अर्थ घासून बसवला. १८०/-
माझं बोट सवयीनं ऱ्हस्व-दीर्घ शोधत फिरलं.
एकही चूक नव्हती.
दोनशे दिले, त्याच्याकडे वीस सुटे नव्हते,
डिकीतून मूठभर बेदाणा काढून
बिलावरच ठेवला.

बॅटरीचे आणि स्टार्टरचे पैसे
मी अजून कुणाला सांगितले नाहीत.
दिरांना तेवढं कळवलं,
गाडी विकायची नाही.